सोऱ्याचा कान

तात्याराव देवस्थळींची सगळी नोकरी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. तिथे भिंतीत साधा खिळा ठोकला तरी खालच्या मजल्यावरचे मिश्राजी जिना चढून येत आणि काळजीने विचारत, सब ठीक है ना? त्यामुळे निवृत्तीनंतर फरीदाबादला तळमजल्याचं घर बघायला गेल्यावर चंद्रप्रभाबाई नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारत होत्या, आणि तात्याराव मागच्या खोलीत उभे राहून मनातल्या मनात ऐरण मांडत होते.

त्या खोलीत यथावकाश शेगडा आला, कानशी आल्या, गॅसचा टॉर्च आला. गल्लीतले लोक मोडके पंखे आणि मिक्सर घेऊन येऊ लागले. त्यातल्या बऱ्याच वस्तू आल्या तशाच परत जात, पण आजार नेमका काय होता हे समजून जात. तात्याराव सुखी होते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर चंद्रप्रभाबाईंचा सोऱ्या मोडला. आईकडून आलेला जड पितळी सोऱ्या. पहिलीच चकली पाडताना त्याचा एक कान तुटून हातात आला. तात्यारावांनी तो गमने चिकटवला. अर्धी चकली निभावली. लेकीने, कादंबरीने, गुरुग्रामहून ऑनलाइन नवा स्टीलचा सोऱ्या पाठवला. चंद्रप्रभाबाईंनी त्यातून एक चकली पाडली, निरखली आणि ही चकली नसून चक्कर आलेली शेव आहे असा निकाल दिला. काटाच नाही.

मग तात्यारावांनी ठरवलं की चांदीने झाळायचं. चांदी मिसळलेली काडी तापलेल्या पितळेवर टेकवली की ती पाण्यासारखी फटीत धावते, हे त्यांनी व्हिडिओत इतक्यांदा पाहिलं होतं की आपण ते स्वतः केलेलं आहे अशी त्यांची समजूत झाली होती. काड्या त्यांनी आधीच आणून ठेवल्या होत्या; जुन्या, स्वस्त, नाव-गाव नसलेल्या.

ते दिवस राखाडी हवेचे. समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. कादंबरीने घरात हवा शुद्ध करायचं यंत्र बसवून बजावलं होतं, खिडकी उघडायची नाही. सरकारी माणूस आदेश पाळतो. तात्यारावांनी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, यंत्र खोलीत आणून फुल्लवर ठेवलं, थंडी म्हणून अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर चढवला आणि टॉर्च पेटवला.

यंत्राचा दिवा लाल झाला. यंत्र घुमू लागलं. ते मन लावून काम करतंय याचं तात्यारावांना कौतुक वाटलं. पण त्या यंत्राला चहाडी करायची सोय होती. गुरुग्रामला, भर मीटिंगमध्ये, कादंबरीच्या फोनवर घरातल्या हवेच्या प्रदूषणाचा आकडा आला, हजार. तिने आईला फोन करून विचारलं, बाबा घरात फटाके लावतायत का?

चंद्रप्रभाबाईंनी दार ढकललं. धुरात तात्याराव खोकत उभे होते, स्वेटरच्या बाहीला वितळून भोक पडलं होतं आणि चेहऱ्यावर आनंद होता.

"चिकटतंय गं," ते म्हणाले.

चिकटलं नव्हतंच. डॉक्टरांनी मात्र त्यांना रात्रभर हॉस्पिटलात ठेवून घेतलं. असल्या जुन्या काड्यांत कॅडमियम असू शकतं, त्याचा धूर आत्ता गप्प बसून उद्या छातीत उठतो, असं त्यांनी सांगितलं. त्या काड्यांत ते होतं की नाही हे कधी कळलं नाही. सकाळी छाती स्वच्छ निघाली. घरी आल्यावर चंद्रप्रभाबाईंनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पुढचे दिवस तात्याराव पेपरातल्या वधू-वरांच्या जाहिरातीसुद्धा वाचू लागले. कुलपाकडे ते बघत नसत. पण पाणी प्यायला जाताना मुद्दाम तिकडून जात.

दिवाळीला कादंबरी आली. आता शेवटचा ओरडा बसणार म्हणून ते तयारच होते. ती म्हणाली, "बाबा, तो डबा धूळ गाळतो. तुमच्या काडीचा धूर गाळायला तो बनवलेलाच नाही."

"म्हणजे आता संपलं सगळं?"

"संपलं कुठे? बाहेर करायचं, यार."

चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, बाहेर चारशेची हवा आहे.

"चारशेची परवडली, आई. आत बाबांनी हजाराची केली होती."

या हिशेबापुढे कोणाचं काही चाललं नाही. फक्त एकदा, असं ठरलं. लागेल तेवढं सामान चंद्रप्रभाबाई काढून देणार; किल्लीचं नंतर बघू. वेष्टनावर कॅडमियम नाही असं स्वच्छ छापलेली नवी काडी आली, कारण सोऱ्याशी खाण्याची गाठ. मागच्या उघड्या पडवीत भट्टीच्या विटा मांडल्या. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. शेजारी पाण्याची बादली, वाळूची बादली. तात्याराव जुना खादीचा कुर्ता आणि चष्मा घालून, धूर तोंडावर येणार नाही असे वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. पहाऱ्याला चंद्रप्रभाबाई आल्या, नायलॉनच्या साडीत.

"अगं, त्या साडीत इथे नको," तात्याराव म्हणाले. लग्नानंतर त्यांनी बायकोला साडी बदलायला सांगायची ही पहिलीच वेळ. त्या आत गेल्या आणि सुती नेसून, केस घट्ट बांधून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसल्या.

पितळ तापू लागलं. लख्ख उन्हात त्याची लाली दिसत नाही; पण सूर्य धुरक्यामागे चंद्रासारखा बसला होता. त्या हवेने त्या मोसमात केलेलं एवढं एकच पुण्यकर्म. तरी तात्यारावांचा हात घाईने पुढे जात होता.

"थांबा. अजून कच्चं आहे." चंद्रप्रभाबाईंची नजर कढईवर तयार झालेली होती. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "आता. पुढे गेलं की करपेल."

काडी टेकली. एक चमकती रेघ फटीतून सळसळत कानाला वळसा घालून गेली. तात्यारावांनी टॉर्च बंद केला आणि आनंदाच्या भरात उघडा हात सोऱ्याकडे नेला. दोघी मायलेकी एकदम म्हणाल्या, "हात!"

सोऱ्या आपला आपण निवला. गरम पाण्याने घासून झाळण्याआधी लावलेल्या टाकणखाराची काचेसारखी खपली काढली आणि संध्याकाळी तो भाजणीने भरला. चंद्रप्रभाबाईंनी दोन्ही कानांवर जोर दिला. कान हलला नाही. चकली उतरली, करवतीसारखा काटा.

तिसऱ्या घाण्याला हॉलमधलं यंत्र लाल होऊन घुमू लागलं. कादंबरीचा फोन वाजला. तिने स्क्रीन बघितला, आईकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवला. तात्याराव उठले, त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि पंखा लावला.

चंद्रप्रभाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "किल्ली कमरेला आहे. काढून घ्या, माझे हात भरलेत. आणि तिथेही आधी खिडकी."