मोरांच्या पाणवठ्याचं उद्घाटन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार एका वनरक्षकाचे आहेत. त्यांना सगळे गार्डमामा म्हणत. मी चौसाळ्याला शाळा शिकलो, बीडला बी.ए. केलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण पदवी घेऊन परत आलो तो उन्हाळा दुष्काळाचा होता, आणि अशा वर्षी बी.ए. झालेल्या माणसाचा कोणाला काय उपयोग? गार्डमामांनी मला मोरांच्या अभयारण्याच्या गेटवर रोजंदारीवर घेतलं. आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे, लोकांना हॉर्न वाजवू नका म्हणून विनवायचं आणि दुपारनंतर मामांबरोबर जंगल फिरायचं, एवढं काम.

मोर मी लहानपणापासून पाहत आलो होतो. शेतात असतातच. तरी पहिल्याच आठवड्यात मामांनी मला पाणवठ्यासमोरच्या चढावर बोरीच्या जाळीमागं बसवलं तेव्हा वाटलं, आपण आजवर काही पाहिलंच नव्हतं.

"खोकला आला तर गिळायचा," एवढंच ते म्हणाले.

दीड तास समोर नुसते तापलेले दगड होते. मग वाळल्या गवतातून एक निळी मान वर आली. ती बराच वेळ तशीच राहिली. मग मोर खाली उतरू लागले. एक, चार, सात. पुढं मी मोजायचं विसरलो. पिसारे दगडांवरून ओढत, एकेक पाऊल टाकत ते आले. घोट घेऊन मोर चोच वर करायचा आणि पाणी गळ्याखाली उतरताना त्या निळ्या मानेवरून हिरवी झाक सरकत जायची. त्यांच्या मागं एक चिंकारा हरीण आलं, आपली पाळी येईपर्यंत उभं राहिलं. एवढे जीव आणि भांडण नाही, आवाज नाही. माझे डोळे भरून आले, का ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पाणवठा म्हणजे सिमेंटची उथळ बशी. जंगलातले झरे माघातच आटले होते. डोंगराच्या पायथ्याशी दूध सोसायटीनं सभासदांच्या जनावरांसाठी छावणी उघडली होती, तिथं टँकर यायचा. दूध घटल्यामुळं सोसायटीचे कॅन रिकामे पडलेले. मामांनी शब्द टाकला आणि सभासदांनी ठरवलं की प्रत्येक टँकरमधले आठ कॅन मोरांचे. टँकर वर चढत नव्हता, म्हणून कॅन बैलगाडीतून जायचे. ज्यांची स्वतःची जनावरं पाण्याकडं तोंड करून उभी असायची, तीच माणसं हे पाणी वर नेत होती.

मे महिन्यात मामींच्या ऑपरेशनसाठी मामांना औरंगाबादला जावं लागलं. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली, "पाणी टाकून झालं की पाणवठ्याच्या शंभर पावलांत माणूस नको. कितीबी मोठा असू दे."

चार दिवसांनी सोसायटीचे चेअरमन गेटवर आले. मामा असतानाच सभासदांनी सकाळच्या वेळी श्रमदान करून जुन्या बशीशेजारी दुसरी, मोठी बशी बांधली होती. तिचं उद्घाटन करायचं होतं. आमच्याकडं बोअरला पाणी लागलं तरी नारळ फुटतो, मग हे तर पुण्याचं काम. मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलं होतं, आणि शिकलेला माणूस म्हणून कोणी मला माईकवर बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती.

ट्रॅक्टर भरून माणसं आली. झाडाझाडाला पताका लागल्या. बशीची पूजा झाली, बायकांनी पाण्यात हळदीकुंकू आणि फुलं वाहिली, पोरांनी गुलाल उधळला. भाषणं झाल्यावर सगळे मोर बघायला तिथंच बसले. पलीकडच्या डोंगरधारेवरून मोर ओरडत होते, पण एकही खाली येईना.

"ओ साहेब, मोराला पत्रिका द्यायची राह्यली का काय?" एकानं मला विचारलं.

"पुढारी हाय बे तो. सगळे बसल्यावर येतो," दुसरा म्हणाला, आणि खसखस पिकली. मीही हसलो.

त्या दिवशी मोर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी जाळीमागं जाऊन बसलो, तर बशीजवळ दहाबारा माणसं आधीच हजर. काल दिसले नाहीत म्हणून पुन्हा आलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. पताका वाऱ्यावर फडफडत होत्या आणि दोन्ही बशांतलं पाणी लालसर झालं होतं. संध्याकाळी परतताना वाटेच्या कडेला एका झुडपाखाली लांडोर बसलेली दिसली. चोच उघडी, पंख सैल. मी दोन हातांवर गेलो तरी ती उठली नाही. गेटवरच्या बाटलीतलं पाणी मी पत्र्याच्या झाकणात ओतून तिच्यापुढं ठेवलं आणि मागं सरलो. तिनं त्याकडं पाहिलंही नाही.

सकाळी उजाडताच मी छावणीत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. तिथं कोणाला येऊ द्यायचं नव्हतं. पाखरं तीन दिवसांची तहानलेली आहेत."

चेअरमन उखडले. "आमच्या जनावराच्या तोंडचं पाणी देलंय आमी. आन आमीच बघायचं न्हाई? कावून?"

पाणी खरंच त्यांचं होतं. तेवढ्यात म्हशीला कडबा टाकणारी एक म्हातारी सभासद मागं वळून म्हणाली, "लगीन लागल्यावर मांडव सोडत्यात बाबा. तुमी तर तिथंच बसलाव. नवरीनं घरात यावं कुठून?"

माणसं हसली, आणि मला बोलायला जागा मिळाली. मी म्हणालो, बघायला मिळेल, पण रोज पाचच जणांना, चढावरच्या जाळीमागून. चेअरमन उठले. त्यांनी बैल जुंपायला सांगितलं. त्या संध्याकाळी मी मामांना पत्र लिहिलं. ते असं:

गार्डमामा, नमस्कार.

मागच्या कार्डात मी इकडं सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुम्ही एकच गोष्ट सांगून गेलात आणि मी तीच मोडली. पाणवठ्यावर उद्घाटन करू दिलं, स्वतः माईकवर बोललो. तीन दिवस मोर पाण्याला आले नाहीत.

आज सकाळी पताका काढल्या, दोन्ही बशा उपसून घासल्या. दुपारच्या आत चोवीस कॅन पाणी वर गेलं. आठ आपले, बाकीचे सभासदांनी आपापल्या जनावरांच्या वाट्यातून दिले. मी मागितले नव्हते.

तीन वाजता पाच जणांना जाळीमागं नेलं. चेअरमनसाहेब पहिल्या पाचांत होते. त्यांचे कपडे पांढरे, म्हणून एका धनगराचं घोंगडं पांघरायला दिलं. त्या उन्हात ते दोन तास घोंगड्यात बसले, मामा. एकदाही हलले नाहीत.

पाच वाजून गेले तरी काही नव्हतं. मला वाटलं, संपलं. मग धारेवरून एक मोर उतरला, निम्म्यात थांबला, आणि त्याच्या मागून उतारच्या उतार हलायला लागला. एवढे मी तुमच्याबरोबर असतानाही पाहिले नव्हते. दोन्ही बशांच्या कडा भरल्या. चोचींचा टपटप आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. चेअरमनसाहेब तोंडावर हात धरून बसले होते.

कालची लांडोर त्यात होती का, मला ओळखता आलं नाही. झुडपाखाली ती नव्हती, झाकणातलं पाणी तसंच होतं.

सोसायटीनं ठरवलंय, सभासद क्रमांकाप्रमाणं रोज पाच जण, आणि पाण्याची बैलगाडी दुपारच्या आत खाली. बाहेरून येणाऱ्यांनाही हेच लागू, असं चेअरमनसाहेब स्वतः गेटवर सांगणार आहेत. तुम्हाला हे पटत नसेल तर लगेच कळवा, मी बंद करतो. मला कामावरून काढायचं असेल तरी कळवा. फक्त उद्याची पाळी त्या म्हशीवाल्या आजींची आहे, तेवढी होऊ द्या.

मामींचे टाके निघाले का?

आपला,
गेटवरचा