डाव्या पायातली चप्पल

चामराजपेटच्या कोपऱ्यावर चपला शिवायला बसणारा म्हातारा सकवारबाईंना दर वेळी तेच विचारतो. "अक्का, उजवी झिजून कागद झाली आणि डावी अजून नवीकोरी. एका पायावर चालता की काय?"

"तू टाका घाल, सरी?" सकवारबाई हसून तिथल्या कानडी वळणानं म्हणतात. समोरून बस जाते, ड्रायव्हर गिअर बदलतो, आणि तेवढ्या आवाजावर बाई मनानं तिथून निघतात त्या थेट होसकोट्याच्या धुक्यात जाऊन पोचतात.

तीन वर्षं झाली त्याला. सकवारबाई घरी पायमशीनवर कारखान्यांचे अॅप्रन शिवायच्या, आणि त्यांचे यजमान वासुदेवराव ते गठ्ठे पांढऱ्या ओमनीतून होसकोट्याला पोचवायचे. वासुदेवराव म्हणजे ताठ्याचा माणूस. तीस वर्षांच्या संसारात पाण्याचा तांब्या कधी हाताने उचलून घेतला असेल तर शपथ! अशा माणसाचं एका सकाळी डावं अंग लुळं पडलं. पुढे वाचा परत आली, धरून धरून चालणंही आलं, पण मन काही परत येईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. उद्या डॉक्टरकडे जायचंय म्हणा, उद्या थालीपीठ लावते म्हणा, ते आपले चांगला हात नुसता पालथा करायचे. उद्या हा दिवसच त्यांनी सोडून दिला होता.

ओमनी गल्लीतल्या झाडाखाली धूळ खात उभी. वासुदेवरावांचे जुने दोस्त, गॅरेजवाले हंबीरराव, ती विकत घ्यायला तयार झाले. गाडी गेली की हा माणूस भिंतीकडून परत वळायचाच नाही, हे सकवारबाईंना लख्ख दिसलं.

"मी शिकते," त्या म्हणाल्या. वय एक्कावन्न! "पण हे माझ्या शेजारी बसणार."

हंबीरराव भला माणूस. "बरं वहिनी, शिकाऊ लायसन काढा. तीन रविवार देतो. नाही जमलं तर किल्ली माझी."

रविवारी पहाटे होसकोट्याच्या कारखान्यांचे रस्ते अगदी मोकळे असतात. धुकं एवढं, की पुढचा खांबसुद्धा जवळ गेल्यावर उगवायचा. हंबीरराव गाडी तिथवर नेत आणि मागे जाऊन बसत. स्टिअरिंगवर बाई, डावीकडे वासुदेवराव, तोंड खिडकीबाहेर.

आणि बाईंची गाडी काही केल्या हलेना. तीस वर्षं पायमशीन चालवलेली बाई ती! दोन्ही पाय जोडीनं दाबायचे, जोडीनं सोडायचे, हीच पायांना सवय. डावा क्लच दाबायला गेला की उजवा ॲक्सिलरेटरवर बसायचा. इंजिन नुसतं किंचाळायचं. डावा सुटला की उजवाही सुटायचा, आणि गाडी आचका देऊन बंद. पहिला रविवार असा गेला, दुसराही तसाच.

तिसऱ्या रविवारी सातव्यांदा गाडी बंद पडली. हंबीररावांनी हळूच घड्याळात बघितलं. सकवारबाईंना रडू आवरेना. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "माझ्या पायांना नाही कळत."

तेव्हा वासुदेवराव खिडकीकडून वळले. उजवीकडे वाकले, आजारपणानंतर पहिल्यांदाच एवढे वाकले, आणि चांगल्या हाताने बायकोच्या डाव्या पायातली चप्पल ओढून काढली.

"डावा उघडा. उजवा चपलेत," ते जड जिभेनं म्हणाले. "आता ते दोन वेगळे. कर चालू."

उघड्या तळव्याला क्लचचं रबर गार लागलं. त्या गारव्यानं डावा पाय प्रथमच एकट्याचा झाला. वासुदेवरावांचा हात गिअरवर, बाईंच्या हातावर येऊन बसला. "सोड… स्वल्प स्वल्प… हं." गाडी थरथरली आणि निघाली. धुकं दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागलं. आवाज जरा चढला की तो हात दाबायचा, दुसरा गिअर, मग तिसरा. जमिनीला चाकं लागतच नाहीत असं बाईंना वाटलं. किती वेळ चालवली, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

परतताना गाडी हंबीररावांनी चालवली. बाई मागे बसल्या होत्या, एक पाय अनवाणी, डोळे अर्धे मिटलेले.

घराशी गाडी थांबली. हंबीररावांनी किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली. बाई खाली उतरल्या, पुढच्या दाराशी आल्या, आणि थबकल्या. वासुदेवराव मांडीवर बायकोची चप्पल घेऊन बसले होते. सगळी गल्ली बघत होती, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

"अहो, द्या ना ती," बाई ओशाळून म्हणाल्या.

त्यांनी चप्पल आणखी जवळ ओढली.

"राहू दे माझ्याकडं," ते म्हणाले. "उद्या परत काढावीच लागंल."