दोघांचा एकच साक्षीदार

चाचाक गावात गीझर दुरुस्त करणाऱ्या वेलिमीरने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. प्रेद्राग आणि स्लावकाच्या लग्नात कूम म्हणून साक्षीला तोच उभा राहिला. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्या मुलीला, इस्क्राला, हातावर घेतलं तेही त्यानेच. आमच्याकडे कूम म्हणजे सख्ख्या भावाच्या वरचा. त्याच्याशी भांडणाऱ्याला गावात कुणी उभं करत नाही. त्यामुळे त्या दोघांच्या घटस्फोटाच्या दाव्यात दोन्ही वकिलांनी साक्षीदार म्हणून त्याचंच नाव दिलं. कूम आपल्याविरुद्ध बोलणार नाही, अशी नवऱ्यालाही खात्री होती आणि बायकोलाही.

पोटगीवरून फारसं वाजलं नाही. खरं भांडण होतं ते इस्क्रा कुणाकडे राहणार याचं.

“दोघंही सोन्यासारखी आहेत,” वेलिमीर न्यायाधीशबाईंना म्हणाला.

“मग वेगळी का होताहेत?”

“मीही तेच म्हणतो, बाईसाहेब. पण मला कोण विचारतंय!”

“मी विचारतेय. रात्री ताप चढला की मुलगी हाक कुणाला मारते?”

वेलिमीरने पाणी मागितलं. ते पिऊन झालं तरी बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

“बापाला,” तो म्हणाला.

इस्क्रा प्रेद्रागकडे गेली. आईच्या वाट्याला शनिवार-रविवार आले.

बाहेर प्रेद्रागने त्याला कडकडून मिठी मारली. “कूम, वाचवलंस रे मला!”

“सोड, लोक बघताहेत.”

स्लावका शांतपणे जवळ आली. “खोटं नाही बोललास. रात्री मी घरी नसतेच. इस्पितळात दुसऱ्यांच्या पोरांचे ताप उतरवत असते. तेवढं मात्र सांगितलं नाहीस.”

“बाईंनी विचारलं नाही गं.”

“हो ना. तू पडलास शिस्तीचा माणूस.”

नवराबायकोला एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून मुलीची देवाणघेवाण कूमच्याच घरी ठरली. शुक्रवारी प्रेद्राग पोरीला सोडून, कॉफी पिऊन निघून जातो. मग स्लावका येते आणि दाराबाहेर उभी राहते.

“अगं, आत तरी ये. कॉफी गरम आहे,” वेलिमीर दर वेळी म्हणतो.

“नको.”

परवा बुटांच्या नाड्या बांधता बांधता इस्क्राने विचारलं, “आई, तू आत का येत नाहीस?”

“कूमने कोर्टात खरं सांगितलं ना, म्हणून.”

पोरीला काही कळलं नाही. वेलिमीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहिलेलं खरं सांगायला आता त्याला कुणी बोलावणार नव्हतं.