फोन आला तेव्हा कुणी पडलंच नव्हतं

मी बीएस्सी झालेली बाई. भूतखेत, भानामती यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि त्यापायी सासरी, नांदूरघाटला, लई बोलणी खाल्लीत. तरी हे घडलं ते घडलंच...

आमच्या किराणा दुकानात तेव्हा एसटीडीचा फोन नुकताच बसला होता. भर दुपारी दुकानात मी एकटीच. फोन वाजला. बाईचा आवाज — घाई नाही, रडणं नाही.

"महादेव इहिरीत पडलाय. लवकर जा."

फोन बंद.

महादेव म्हणजे माझे धाकटे दीर. मळ्यातली कित्येक वर्षं झाकलेली विहीर ते त्या दिवशी उघडणार होते. दुकान तसंच टाकून मी पळत सुटले.

पोचले तर भाऊजी धडधाकट! उतरायला एक पाय पायरीवर टाकलेला.

"वयनी, कावून पळताय?"

"तुमी पडलात म्हणून फोन आला..."

"अवो, मी आजून उतरलोबी न्हाई!"

काठावरचे सगळे हसले. मी ओशाळले. पण बंद विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो, हे कॉलेजात शिकलेलं तेवढ्यात आठवलं. म्हटलं, "आलेच आहे, तर आधी कंदील सोडून बघा."

माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, कुरकुरत खोपटातला कंदील पेटवून दोरीनं सोडला. निम्म्यात जाऊन विझला.

"वारं आसंल," भाऊजी म्हणाले.

पुन्हा पेटवला. पुन्हा तिथंच विझला. मग कुणी हसलं नाही. भाऊजींनी पाय मागं घेतला. काठावर त्यांचा मेव्हणा उभा होता... भाऊजी पडले असते तर काढायला तोही उतरलाच असता.

मळ्यात फोन नव्हता. आधी फक्त झाकण काढायचं ठरलं होतं. उतरायचं भाऊजींच्या मनात ऐनवेळी आलं. गावात जिथं जिथं फोन होते तिथं विचारलं, कुणीच केला नव्हता. कुणाची चेष्टा म्हणावी, तर त्या बाईला हे आधी कसं कळलं? एक मात्र खरं — फोन कुणाचाही असो, कंदील सुचला नसता तर मीही हसून घरी परतले असते.

संध्याकाळी चहा पिताना आबा म्हणाले, "पाण्यातल्या देवींनी, आसरांनी सांगितलं तुला, पोरी."

मी त्यांना सगळं नीट समजावलं. वायू कसा साचतो, ज्योत का विझते, माणूस का गुदमरतो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढं आयुष्यभर, कुणीही विहिरीत उतरायला निघालं की "आधी कंदील सोड बे" म्हणून ते दटावायचे.

त्या संध्याकाळी मात्र कप खाली ठेवत त्यांनी एवढंच विचारलं, "पटलं. अन् फोन?"