मागल्या पडवीचं संस्थान

तमाम लोकांस जाहीर करण्यात येते की, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन्ही संस्थाने विलीन झाली, दरबार उठले, शिपायांचे पट्टे उतरले, तरी त्याच गावात एक तिसरे संस्थान खालसा झाले नाही. विस्तार एका कांबळ्याएवढा. राजधानी आमच्या घराची मागली पडवी. राणीसाहेब अस्मादिक.

हे राज्य मला कावळ्याने मिळवून दिलं. महिन्याची अडचण आली की आमच्यात ‘कावळा शिवला’ म्हणत. मग तीन दिवस बाईने बाजूला बसायचं. वेगळं कांबळं, वेगळा तांब्या, कशाला हात लावायचा नाही आणि कुणी तिला शिवायचं नाही. धारला माहेरी असताना मला याचा भयंकर राग यायचा. लग्न होऊन देवासला आले, चुलीपुढे उभी राहिले, आणि महिन्याभरात राग पार निवला.

विलीनीकरणानंतर आमचे हे दरबारच्या कचेरीतून नव्या सरकारच्या कचेरीत गेले. पगार होता तेवढाच राहिला, पानं मात्र वाढली. हाटपिपल्याच्या नणंदेची मुलं शाळेसाठी आमच्याकडे, नोकरी गेलेले चुलत दीर नवी मिळेपर्यंत आमच्याकडे, आणि त्यांना भेटायला येणारेही जेवायच्या वेळेलाच येत. याच सुमारास माझी पंचेचाळिशी उलटली आणि डोकं ठिकाणावर राहीना. ऐन थंडीत अंगातून वाफा निघत. मी सुपाने वारा घेत बसे. आमटीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. एकदा हातातलं लिंबू घरंगळून मोरीत गेलं, तर मी अशी रडले की कोण गेलं ते विचारायला शेजारणी आल्या. सासूबाईंनी खरं ते सांगितलं, लिंबू गेलं म्हणून. बिचाऱ्या परत गेल्या.

त्या दिवसांत मला धरून ठेवलं ते कांबळ्याने. तिथे मी पोटभर झोपायची. केस सावकाश, टोकापर्यंत विंचरायची. पडवीतून देवीची टेकडी दिसे. चढणारी माणसं मुंग्यांएवढी दिसत, आणि त्यांच्यातल्या एकालाही मला वाढायचं नसे. या विचारानेच जीव थंड व्हायचा. आत सासूबाई सोवळ्याने स्वयंपाक करत, हे पाणी भरत आणि वेळ पडली तर पिठलंही ढवळत. चौथ्या दिवशी मी न्हाऊन आत जायची ती माणसासारखी माणूस होऊन.

आणि मग एका महिन्यात कावळा आलाच नाही. पुढच्याही नाही. होळी झाली, पाडवा झाला, कावळ्याचा पत्ता नाही. इतर बायकांना म्हणे यात सुटल्यासारखं वाटतं. मला गादी गेल्यासारखं वाटलं. डाळ घोटता घोटता मी मनाशी ठरवलं की राज्य सोडायचं नाही. रवी खाली ठेवली, पडवीत जाऊन कांबळं अंथरलं आणि खणखणीत आवाजात आत कळवलं की कावळा शिवला.

पुढे तो इतका नेमाने शिवू लागला, की तरुणपणीही कधी शिवला नसेल. सणवार मी सांभाळायची. गणपतीत आणि नवरात्रात त्याला मनाई होती. आमची भांडीवाली माळवी होती. कांबळ्याकडे बघून ती म्हणायची, “बाई, तमारो कागलो घणो पक्को है.” कावळा वेळेचा भारी पक्का, हे मी गंभीरपणे मान हलवून मान्य करायची.

घोटाळा झाला तो सासूबाईंच्या मायेमुळे. या वयात इतकं नेमाने म्हणजे आतून काहीतरी बिघडलंय, असं त्यांनी घेतलं. वैद्यबुवांना बोलावणं गेलं. ते भिंतीकडे तोंड करून प्रश्न विचारत, सासूबाई तो पडवीत आणत आणि माझं उत्तर परत नेत. काढा सुरू झाला, अशोकाच्या सालीचा. सासूबाई समोर उभ्या राहून पाजत, त्यामुळे झाडाला घालायची सोय नव्हती. मी प्याले. राज्यासाठी लोकांनी याहून वाईट सोसलंय. काढ्याने काही फरक पडेना, म्हणजे पडणार कुठून! बुवांनी काढा दाट केला, मग आणखी दाट केला, आणि शेवटी हात टेकून म्हणाले की इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, बहुतेक कापावं लागेल.

यांनी रजा टाकली. सासूबाईंनी देवीला साडी बोलली आणि रात्री जेवल्या नाहीत. मी कांबळ्यावर पडून विचार करत होते. गप्प बसावं तर पोट कापणार, बोलावं तर कांबळं जाणार. दोन्ही वाचवायचं होतं, आणि त्यासाठी आता थाप मारून भागणार नव्हतं.

सकाळी तांगा दारात आला. सासूबाई सोवळं नेसून देवापुढे बसल्या होत्या. मी कांबळ्यावरून उठले, सरळ देवघरात गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या सोवळ्यात, मी कावळ्याची. त्यांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. हे पिशवी घेऊन दारात उभे होते.

“विटाळ झालेला नाही,” मी म्हटलं. “कावळा केव्हाच गेलाय, गेल्या होळीच्या आधी. मला काही दुखणं नाही आणि मी इंदूरला येणार नाही. पण महिन्यातले ते तीन दिवस मला हवेत. ते नसले तर माझं डोकं फिरेल, मग मला कुठल्या दवाखान्यात न्याल? मी बसणार. आजपासून कावळ्याचं नाव न घेता बसणार.”

यांनी पिशवीकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन तांगेवाल्याला सांगितलं, “भिया, जाना नहीं है. घर में आराम है.” आणि पिशवी खुंटीला लावून, कुणी न सांगता, घागर उचलली.

राहिल्या सासूबाई. त्या रागावणार, रडणार, की मला धारला पाठवणार, याचा अंदाज येईना. त्यांचा कावळा मी या घरात आले तेव्हाच उडून गेला होता. तेव्हापासून माझ्या बाजूला बसण्याचे सगळे दिवस त्यांनीच चुलीपुढे काढले होते, आणि त्यात माझे हे खोटे दिवसही आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या दारातून पडवीतल्या कांबळ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग घरभर पुरुषमाणसं ऐकतायत याचंही भान न ठेवता त्या मोठ्याने म्हणाल्या,

“मेलं, हे मला कसं सुचलं नाही गं?”