ठेवणीतले टायर

कसबा बावड्यातल्या जयसिंग कांबळेच्या घरात दोन गोष्टी ठेवणीतल्या होत्या. बायकोची, सरुबाईची, पांढरी साडी ट्रंकेत आणि मोटारसायकलचे दोन कोरे टायर पत्र्याखालच्या माळ्यावर. दोन्ही नागपूरला जायचं तेव्हा काढायचे. साडीचं एक वेळ समजू शकतं, पण टायर ठेवणीत टाकणारा गडी अख्ख्या करवीर तालुक्यात दुसरा सापडला नसता.

जयसिंग साखर कारखान्याच्या शेती खात्यात होता. कुणाच्या फडाला तोड द्यायची, कुणाची उसाची गाडी रुतलीय, हे बघत दिवसभर राजदूतवर हिंडायचा. दोन्ही चाकांना बटण टायर, म्हणजे जाड गुट्ट्यांचे. फडातल्या चिखलात तेच चालतात. डांबरावर मात्र ते घुंऽऽ करून कान किटवतात आणि ओल्या वळणावर कधी घसरतील याचा नेम नसतो.

नागपूरचं वेड सरुबाईच्या माहेरचं. तिचे वडील छप्पन्न साली ऐन तारुण्यात तिथं जाऊन दीक्षा घेऊन आलेले. म्हातारपणी लेक भेटायला गेली की त्यांचं एकच सांगणं, "सरे, एकदा जाऊन ये की. आता तितं कसं हाय, ते मला येऊन सांग." गल्लीतली माणसं दर दसऱ्याला ट्रक करून जायची, सरुबाईला हाक मारायची. पण जयसिंगनं सांगून ठेवलेलं, "ट्रकात कोंबून कशाला? आपल्या गाडीवर जाऊ. वाटंतलं गाव न् गाव बघत." आणि तिलाही ते मनातून आवडलेलं. म्हणून ती थांबली.

शहाण्णव साली त्यानं टायर घेतले तो दिवस शाहूपुरीतल्या टायरवाल्या पार्श्वनाथअण्णांना चांगलाच लक्षात राहिला असणार. दुकानातला प्रत्येक टायर जयसिंगनं अंगठ्याचं नख रुतवून पाहिला. शेवटी अण्णा वैतागले.

"जायाचं कुटं पावणं?"

"नागपूर. मागं बायको."

"मग ऐका. निम्मी वाट डांबर, निम्मी खडी आन काळी माती. निस्ता रस्त्याचा घेशीला तर मातीत बसशीला. निस्ता गुट्टीचा घेशीला तर डांबरावर झिजून जाईल. मधी सलग पट्टी आन कडंला गुट्ट्या, ह्यो घ्या. पट्टी डांबरावर पळती, गुट्टी मातीत धरती."

जयसिंग ते दोन्ही टायर खांद्यात अडकवून घरी आला, तो हार घातलेल्या पुढाऱ्यासारखा. सरुबाई म्हणाली, "बसवा की उद्याच." त्यावर हा भडकला. "चिखलात घालू व्हय ह्ये? ह्ये नागपूरचं हाईत!"

आणि मग नागपूर लांबतच गेलं. दसरा आला की कारखान्याचा हंगाम तोंडावर. एकदा लेकीला, निशाला, टायफॉईड झाला, एकदा पोराच्या, प्रसेनजीतच्या, कॉलेजची धावपळ, एकदा नुसताच कंटाळा. जयसिंग मात्र दर वर्षी माळ्यावरून टायर उतरवायचा, फडक्यानं पुसायचा आणि पैलवानाला मालिश करावी तसं खोबरेल तेल चोळून पुन्हा वर ठेवायचा. पोरं हसायची. सरुबाईही हसायची, पण दर वर्षी थोडी कमी. वडील विचारायचे, "गेलतीस का?" ती म्हणायची, "यंदा जातोय दादा." दोन हजार चार साली दादा गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी तेच विचारलं होतं.

दोन हजार सहाला दीक्षेला पन्नास वर्षं होणार होती. यंदा जायचंच, म्हणून जयसिंग टायर घेऊन शाहूपुरीत गेला. अण्णांनी एक टायर हातात धरून वाकवला, तशा खाचाखाचांतून भेगा उघडल्या.

"काय केलंस काय ह्यास्नी?"

"तेल लावत हुतो की दर वर्षाला."

"तेल? रबराला? आन धा वर्सं पत्र्याखाली? अरं, वापरला असतास तर झिजला असता, पण तुला कुटंतरी नेऊन तर आणला असता! ह्याच्यावर सोलापूर गाठायचा न्हाईस." तसले टायर पुण्याहून मागवायला हवे होते आणि ते दसऱ्यानंतर येणार होते.

घरी येऊन जयसिंग उंबऱ्यावर बसला. "सरू, म्होरल्या वर्षी..." एवढंच बोलला. सरुबाई इस्त्रीला काढलेली साडी घेऊन उभी होती. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या.

"दादा गेलं. टायर वाळलं. साडी पिवळी पडली," ती म्हणाली. "आता मला किती वर्सं ठेवणार हाईसा?"

ती ओरडून बोलली असती तर जयसिंगला बरं वाटलं असतं. एरवी तिचा आवाज चार घरं पलीकडं जायचा.

दुसऱ्या दिवशी ते निघाले, फडात झिजलेल्या त्याच बटण टायरांवर. सोलापूरपर्यंत त्या घुंऽऽ आवाजानं दोघांची डोकी भणाणली. तुळजापूरच्या घाटात सर आली, तेव्हा जयसिंग पाय खाली सोडून बैलगाडीच्या वेगानं चढला. लातूर ओलांडल्यावर रस्ता उखडलेला होता. काळ्या चिखलात नव्या चकचकीत गाड्या ढकलत पोरं उभी होती आणि राजदूत गुरगुरत सरळ निघून गेली. "फडात शिकलीया ती!" सरुबाई मागून ओरडली आणि खूप दिवसांनी पोट धरून हसली.

दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांचा समुद्र होता. त्यात तिच्या साडीच्या पिवळ्या रेघा कुणाला दिसणार! तिनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला, घुमटाकडं डोळे भरून पाहिलं आणि मग एकदम गोंधळल्यासारखं इकडंतिकडं बघायला लागली.

"आवं," ती म्हणाली, "आता ह्ये सांगू कुनाला?"

जयसिंगला त्या गर्दीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर वर्धा मागं पडल्यावर ती त्याच्या कानाशी तोंड आणून टायरांच्या आवाजावर ओरडून सांगायला लागली. घुमट केवढा हाय, पिंपळ कसा हाय, कुठल्या गावची म्हातारी शेजारी बसली होती. सगळं त्यानं तिच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं.

"व्हय?" जयसिंग तिच्या दादांसारखं म्हणाला. "आन मग?"