तहानलेल्या जमिनीचा शेरा

चाळिशी उलटेपर्यंत मी स्वतःला कवयित्री समजत होते. नोकरी मात्र सांगलीतल्या एका खासगी माती-परीक्षण प्रयोगशाळेत. शेतकरी पिशवीतून माती आणून द्यायचे. ती वाळवायची, चाळायची, पाण्यात ढवळायची, यंत्रावर आकडे काढायचे आणि अहवाल छापायचा, हे माझं काम. संध्याकाळी घरी आले की साबणानं हात खसाखसा धुवायचे आणि मग मातीवर कविता लिहायला बसायचे. यात काही विनोद आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

आमच्या घरात कुणी शेती केलेली नव्हती. वडील शाळेत कारकून. अंगणात एक तुळस आणि दोन सायकली, एवढीच आमची लागवड. तरी कविसंमेलनात मी ‘मी मातीची लेक’ म्हणून डोळे मिटायचे. डोळे उघडले की पुढच्या रांगेतले दोन-तीन जण चहाला गेलेले असायचे. मला वाटायचं, भावना अनावर झाल्या असतील.

एकदा साताऱ्याला मावसबहिणीकडे गेले होते. तिनं मला एका व्याख्यानाला नेलं. वक्ते म्हणाले, “पोटाचं काम आणि जिवाची आवड एका दावणीला बांधा, मग बघा आयुष्य कसं होतं ते.” मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. परतीच्या गाडीत कराड यायच्या आत माझा निश्चय झाला. नोकरी सोडायची नाही, कारण तेवढी हिंमत नव्हती. नोकरीतच कविता आणायची.

आमच्या अहवालात वर आकड्यांचा तक्ता असायचा, त्याखाली खतांची छापील शिफारस आणि तळाला ‘शेरा’ म्हणून एक रिकामी चौकट. त्या चौकटीत आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. मला ती माझ्यासाठीच ठेवल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी शेरे लिहू लागले. काळ्या जमिनीला ‘गर्भार रात्र’, मुरमाड जमिनीला ‘रुसलेली सवत’. आमच्या साहेबांनी अहवालावर सह्या करताना चौकट कधी वाचली नाही. त्यांचं मौन मी दाद म्हणून घेतलं.

आठवडाभरात कुंडलची एक माती आली. तिच्यात क्षार इतके होते की मी यंत्र पुसून पुन्हा मोजलं. शेरा मात्र झटकन सुचला: ‘ही भूमी तहानलेली आहे. तिची आर्त हाक ऐका.’ मी स्वतःवरच खूश झाले.

महिन्याभरानं एक साठीचे गृहस्थ प्रयोगशाळेत आले. ताठ चाल, कातरलेल्या मिशा, हातात घडी घातलेला अहवाल. फौजेतून निवृत्त होऊन शेती बघत होते. अहवाल माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी चौकटीवर बोट टेकवलं.

“बाई, हे तुमी लिवलंय?”

“हो,” मी म्हणाले. मला वाटलं, आता कौतुक करणार.

“वरचं आकडं काय आमाला कळलं न्हाईत. हे तेवढं कळलं. तहानलेली हाय, हाक ऐका. मी फौजी माणूस. वरनं हुकूम आला की पाळायचा. दोन पाणी जादा सोडलं.”

मी अहवाल ओढून क्षारांचा आकडा पाहिला. क्षारपड जमिनीला जादा पाणी म्हणजे आगीत तेल.

“मग?” मी विचारलं.

“मग काय! रान पांढरं फेक पडलं. ऊस पिवळा. बायको म्हनती, त्या बाईला हिकडं आना, माजी बी हाक ऐकू दे तिला.”

आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. त्यांनी चष्मा लावून पहिल्यांदाच चौकट वाचली. मग मागचे अहवाल काढायला लावले. ‘रुसलेली सवत’ वाचून त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही यांच्याबरोबर जा, रान बघून या,” एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा शेतात उभी राहिले, तीही चपला घालून. बांधाजवळ मातीवर पापुद्रा आला होता, मीठ फुटल्यागत. त्या गृहस्थांच्या बायकोनं खुरप्यानं वीतभर उकरून दाखवलं. खड्ड्यात पाणी झिरपून आलं.

“बघा,” ती म्हणाली, “मीठ हाय, पाणी हाय. नुसतं तांदूळ टाकायचं ऱ्हायल्यात.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तरी माझ्यातली कवयित्री काही हार मानेना. मी म्हणाले, “मावशी, तसं माझं अगदी चूक नव्हतं. जमिनीत क्षार फार झाले की मुळांना पाणी ओढता येत नाही. ऊस पाण्यात उभा असतो, पण तहानलेला असतो.”

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. मग ते गृहस्थ म्हणाले, “आवं बाई, मग ह्येच लिवायचं हुतं की!”

मी तिथंच बांधावर बसले. अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: ‘तुमचा ऊस पाण्यात उभा राहून तहानलेला आहे. आता पाणी वाढवू नका. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. मग ताग पेरून गाडा. घाई करू नका, जमीन बिघडायला बरीच वर्षं लागली आहेत.’

मावशींनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. इतक्या कविसंमेलनांत मला कुणी ‘पुन्हा एकदा’ म्हटलं नव्हतं. आणि वाचताना त्यांच्यातलं कुणी चहालाही गेलं नाही. उलट चहा तिथंच आला.

परत आल्यावर मी साहेबांची माफी मागितली. पुढं काय करायचं आहे तेही सांगितलं. ते म्हणाले, “लिहा. पण आधी मला दाखवायचं. आणि सवत नको.”

तेव्हापासून प्रत्येक अहवालामागे मी एक पत्र लिहिते. या मातीला काय झालंय, काय करायचं, काय करायचं नाही. शंका आली तर रान बघून येते, आता बूट घालून. गावातल्या शब्दांसाठी लोकांना विचारते. ‘निचरा’ म्हटलं की कुणी मान हलवत नाही, ‘पाणी हटायला पायजे’ म्हटलं की लगेच कळतं. कधीकधी एका ओळीसाठी मी दुपारभर खोडत बसते. कवितेसाठी इतकं कधी खोडलं नव्हतं. तिथं जे सुचे ते मला दैवीच वाटायचं.

कुंडलच्या त्या रानात पहिल्या वर्षी काही फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी चराजवळच्या चार सऱ्या हिरव्या झाल्या. गृहस्थांनी मोबाइलवर फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘जवान सुधारतोय.’ निम्मं रान अजून पांढरंच आहे. पण ते मी पत्रात आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मला कुणी शिव्या घातल्या नाहीत.

कविता मी अजून लिहिते, मासिकं त्या अजून परत पाठवतात. मला त्याचं पूर्वीइतकं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

मागच्या महिन्यात मेढ्याकडचा एक माणूस माती घेऊन आला. पिशवी टेबलावर ठेवून जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, “ताई, तुमी पत्र लय झ्याक लिवता म्हनं. पोरीला बघायला पावनं येनार हायेत. रानाबद्दल दोन गोड शब्द टाका की. त्येनला दाखवतो.”

खोटं कशाला सांगू, हात शिवशिवला. ‘डोंगरकुशीतली राणी’ ही ओळ ओठांवर आलीसुद्धा. तेवढ्यात साहेबांनी दारातून माझ्याकडे बघितलं. मी माती तपासली आणि लिहिलं: ‘जमीन उताराची आणि आंबट आहे, चुना घालावा लागेल. पण पालापाचोळा भरपूर कुजलेला आहे. हे रान कुणीतरी जीव लावून राखलेलं दिसतं.’

त्यानं पत्र वाचून घडी घातली. “आंबट तेवढं खोडता येतंय का?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ दे मग,” तो म्हणाला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचत पायऱ्या उतरला.